शिट्टी कुणाची?

“रेकॉर्डवरची ही शिट्टी माझीच!” गिटार गळ्यात अडकवून म्हातारा यशवंत मोघे स्टेजवरून थापा फेकत होता. सहासष्ट सालची त्याच्या बँडची रेकॉर्ड गाजली ती त्या शिट्टीमुळेच. आणि ती वाजवली होती माझ्या आजीने!

मी ताडकन उभी राहिले. “साफ खोटं! रेकॉर्डवर माझ्या आजीचं नाव का नाही?”

तो हसला. “बाळ, चांगल्या घरातल्या मुली शिट्टी वाजवत नाहीत.”

“मग तुम्हीच वाजवून दाखवा की आत्ता!”

त्याने ओठांचा चंबू केला. नुसती हवा फुसफुसली. “कवळी नवीन आहे,” तो पुटपुटला.

तेवढ्यात माझ्या शेजारून आजीची शिट्टी घुमली. रेकॉर्डवर शिट्टीनंतर गिटार येते, म्हणून सवयीने त्याची बोटं तारांवर गेली.

“थांब यशा,” आजी कडाडली, “आधी माझं नाव सांग.”