ओस गुहेतली मोजणी

वटवाघळांच्या पिल्लांच्या हंगामात गुहेत कुणालाही सोडायचं नाही, हा नियम राखणदाराने अठरा वर्षं पाळला होता. यंदा मेहुणाच आला, आणि बायकोच्या भावाला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. मेहुण्याने फोटोसाठी झगझगीत दिवा लावला. वटवाघळं बिथरली आणि आयांच्या पोटाला बिलगलेली पिल्लं टपाटप खाली पडली. राखणदाराने ती खराट्याने गोळा करून पुरून टाकली. दुसऱ्या दिवसापासून गुहा ओस पडली.

महिन्याभराने, भर दुपारी, संशोधक बाई मोजणीला आल्या.

"काका, इथे कुणी आलं होतं का?"

"नाही बाई. आपणहून गेली असतील."

वटवाघळांचे आवाज आपल्याला ऐकू येतील असे करणारं यंत्र बाईंनी चालू केलं. ते बारीक टिकटिकू लागलं.

"पिल्लं आहेत," त्या हरखून म्हणाल्या. "आईला हाका मारताहेत."

यंत्र छताकडे धरलं की टिकटिक मंदावायची. राखणदाराकडे वळवलं की वाढायची.

"काका, कोटात काही आहे का?"

त्याने कोट काढून दिला. बाईंनी तो चाचपला, त्याला यंत्र लावलं. कोट गप्प होता. मग त्यांनी यंत्र त्याच्या उघड्या गळ्याशी नेलं, तसा सगळा गलका एकदम उसळला.

"बाई, मी खोटं बोललो," तो म्हणाला.

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या गुहेच्या तोंडाकडे बघत होत्या. तिथला उजेड झाकोळत चालला होता आणि शेकडो पंखांची फडफड सरळ त्याच्या दिशेने येत होती.