आणखी दोन पुऱ्या

“तुम्ही दोघं जवळ येण्याच्या तासभर आधी गोळी घ्या. असर चार-पाच तास राहतो,” डॉक्टर म्हणाले होते. “पण गोळीच्या आगेमागे तेलकट, जड खाऊ नका. मग ती नीट लागू पडत नाही.”

मी मान खाली घालून बसलो होतो. जेवणाचं दोनदा खोदून विचारलं ते बायकोनंच.

आज गोळी घेणार, हे मी तिला सकाळीच सांगितलं होतं. संध्याकाळी घेतली आणि जेवायला बसलो, तर ताटात रोजच्या खिचडीऐवजी पुऱ्या, भजी आणि वाटीभर बासुंदी.

“विसरलीस का गं?”

“नाही विसरले.” माझ्याकडे न बघता तिनं आणखी दोन पुऱ्या वाढल्या.

अठ्ठावीस वर्षांत तिनं मला कधीच नाही म्हटलं नव्हतं. मी पुऱ्या संपवल्या आणि बासुंदीसाठी वाटी पुन्हा पुढे केली.