रवीच्या फटीतले ताक

द्वारकाबाईंनी सूक्ष्मदर्शकाखालची काच हलकेच सरकवली. गावोगावच्या नळांना जंतुनाशक पाणी आल्यापासून रोगराई संपली होती. पण त्यानंतरच्या सात वर्षांत एकाही घरी दूध विरजले नव्हते, परसातला पाचोळा कुजला नव्हता आणि मातीत नवे रोप जगले नव्हते.

"काकू, वळवळतंय का काही?" शेजारच्या वेणूने विचारले. माहेरच्या बंद घराच्या माळ्यावरून तिने जुनी रवी आणली होती. रवीच्या फटीत ताक वाळलेले होते. त्यातला एक जंतू जरी जिवंत निघाला, तरी पुन्हा सुरुवात करता येणार होती.

"गप्प बस गं. नवरी बघायला आल्यासारखी डोकावू नकोस."

काचेखाली जंतू होते, पण सगळे फुटलेले; आणि ती टरफले ताजी होती.

"यांना आजच पाणी लागलंय," द्वारकाबाई म्हणाल्या. "मृदुला, रवी घरात कोणी घेतली?"

"मी, आई." सून दारातच थबकली. "बाहेरची वस्तू नळाखाली धुतल्यावाचून उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही, ही तुमचीच शिस्त."

ओट्यावरचे कोमट दूध विरजणाची वाट पाहत होते. द्वारकाबाईंनी भिंगावरचा डोळा काढला नाही. काचेखाली आता शोधण्यासारखे काहीच उरले नव्हते. पण मान वर केली असती, तर सुनेकडे पाहावे लागले असते.