लाल ठिपका

"वय झालं तुझं, आई. क्लचवर पाय ठेवून चालवतेस, मग गाडी गचके खाणार, पेट्रोल ढोसणारच. चावी दे," मुलगा म्हणाला. उभा जन्म लोकांना गाडी शिकवलेल्या आईनं चावी कमरेला खोचली. तो जेवून लवंडल्यावर तिनं आपल्या गाडीचं बॉनेट उघडून इंजिनात ठिणगी पाडणारे चारही स्पार्कप्लग काढले. काळेकुट्ट, चिकट, जळकट वासाचे! गेल्याच महिन्यात नवे बसवताना तिनं प्रत्येकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. यांच्यावर एकही नव्हता. शेजारीच मुलाची तशीच गाडी उभी होती. तिनं त्या गाडीचेही प्लग काढले. चारही ठिपकेवाले! स्वतःचे सडके प्लग आईच्या गळ्यात मारून वर वयही काढलं पोटच्या पोरानं! तिला शिसारी आली. आपले प्लग परत आपल्या गाडीत आणि ज्याची घाण त्याच्या गाडीत बसवून तिनं हात खसखसून धुतले. संध्याकाळी तो ओरडला, "आई, गाडी गचके खातेय!" आईनं वळूनही पाहिलं नाही. "वय झालं तुझं."