नाकसाहेब

जिन्यात मेहुणा नाकाला रुमाल लावून उभा होता. त्याच्या मागे दंतवैद्य, तोही तसाच. एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हाताने खोलीची किल्ली शोधणं चाललेलं. बाकीचे तिघे भिंतीला चिकटून, त्यांचीही नाकं झाकलेली.

"गटार तुंबलंय, भाऊजी," रुमालाआडून मेहुणा म्हणाला. "नुसतं मळमळतंय."

नाकसाहेबांनी लगेच खिशातून रुमाल काढला. "अरे, खालच्या दारापासूनच येतोय. असह्य आहे," ते म्हणाले आणि मनातल्या मनात हुश्श केलं. बरं झालं, यांचे रुमाल आधी दिसले.

कारण नाकसाहेबांना कसलाच वास येत नव्हता. चार महिन्यांपूर्वी ताप आला, तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. घरात दूध करपलं तरी पत्ता लागेना. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. बायकोला सांगितली की तिच्या या धाकट्या भावाला कळायला कितीसा वेळ?

आणि कळून चालणार नव्हतं. निवृत्तीनंतर जगात एकच जागा उरली होती, जिथे ते आले की माणसं उठून उभी राहत. घरच्या घरी क्राफ्ट बिअर बनवणाऱ्या शौकिनांचं हे मंडळ. अकरा वर्षं अध्यक्षाची खुर्ची त्यांची, ती निव्वळ नाकाच्या जोरावर. त्या नाकाने त्यांनी कांदेही पुष्कळ सोलले, हे सांगायलाच हवं. नवा माणूस आला की पेला पुढे करून विचारायचे, "कशाचा वास येतोय?" एका बिचाऱ्या शिंप्याने "बिअरचा" असं सरळ उत्तर दिलं. सगळे इतके हसले की तो अर्धा पेला तसाच ठेवून गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

आज पुन्हा एक नवी आली होती. घरोघरी जाऊन गॅसची गळती तपासणारी बाई, तिशी-पस्तिशीची, खांद्याला हत्यारांची पिशवी. जिन्यात ती एकटीच नाक उघडं ठेवून उभी होती. एवढ्या घाणीत हिला काहीच कसं वाटत नाही, म्हणून नाकसाहेबांनी नाक मुरडलं. रुमालाआड ते कुणाला दिसलं नाही.

खोलीत ते नेहमीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मेहुणा, पुढ्यात टेबल. दंतवैद्याने खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली. चव घेणं चालू असताना दार उघडायचं नाही, हा नियम नाकसाहेबांचाच. अध्यक्षाआधी कुणी ब्र काढायचा नाही, हाही त्यांचाच.

मेहुण्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवली. "आज अध्यक्ष निवडायचाय. म्हटलं, आंधळी फेरी करू. बाटली कुणाची, ते भाऊजींनी ओळखलं की विषय संपला."

"आणि नाही ओळखलं तर?" नाकसाहेबांनी विचारलं.

"असं कसं होईल?" मेहुणा म्हणाला आणि पेले भरू लागला.

नाकसाहेबांनी पेला नाकाशी नेला. काही नाही. पाण्याचा पेला हुंगावा तसं. रंग गढूळ पिवळा, म्हणजे गव्हाची असणार. पण गव्हाची तर इथे सगळेच बनवतात. सहाही जण त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शर्ट पाठीला चिकटला. उठून जावं म्हटलं, तर मेहुण्याला उठवल्याशिवाय कोपऱ्यातून बाहेर पडायची सोय नव्हती.

तेवढ्यात त्यांची नजर त्या बाईवर गेली. हिचं तर पोटच वासावर.

"आज मान पाहुण्यांचा," ते म्हणाले. "बाई, आधी तुम्ही बोला."

"नियम तुमचाच आहे, भाऊजी."

"त्या नियमांनी माणसं पळवली आपण," नाकसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच कापला. त्यांना तो शिंपी आठवला होता. "बोला बाई. चुकलं तरी कुणी हसणार नाही."

बाईने पेला हुंगला. "भाजलेल्या पावाचा वास आहे. संत्रं सोलल्यावर हाताला येतो तसाही. आणि मागे जरासा... हसू नका हं. ओल्या पुठ्ठ्याचा."

ओला पुठ्ठा. नाकसाहेबांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

"शाबास," त्यांनी डोळे मिटून एक घोट घेतला. "ओला पुठ्ठा म्हणजे आत हवा शिरली. बूच नीट बसलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात बुचं मारायचं यंत्र कुणाच्या घरी बिघडलं होतं? डॉक्टर, ही तुमची."

मेहुण्याने कागद सोडला. बाटलीवर दंतवैद्याच्याच नावाची चिठ्ठी होती.

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जास्त वेळ मेहुण्याने वाजवल्या. "खुर्ची तुमचीच, भाऊजी. जन्मभर बसा," तो म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो त्यांच्याशी कधीच बोलला नव्हता. दंतवैद्याने उगाचच त्यांचा खांदा थोपटला. नाकसाहेबांना भरून आलं.

मंडळी पांगली तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. नाकसाहेब बाईंबरोबर जिना उतरले. आठवणीने त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"दर रविवारी येत जा," ते म्हणाले. "माझ्या शेजारीच बसायचं. तुमच्यासारखं नाक मी पाहिलं नाही. पण एक कोडं आहे. इतकं तिखट नाक, आणि या जिन्यातली घाण तुम्ही सहन कशी केलीत?"

बाई पायरीवर थांबली. तिने एकदा हवा हुंगून पाहिली.

"जिन्यात कसला वास, साहेब? तुम्ही आलात की सगळ्यांनी नाकाला रुमाल लावायचा, असं तुमच्या मेहुण्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, तुमच्या मंडळाची पद्धत असेल. माझ्याकडे रुमाल नव्हता, राग मानू नका."