आरशामागची जागा

"वाइपर फिरतो तेवढ्यातच कॅमेरा हवा, साहेब. नाहीतर पावसात नुसतं धुकं दिसेल," फिटर म्हणाला आणि गाडीच्या पुढच्या काचेवर त्यानं बोटानं एक चौकोन काढला.

गाडीवाल्याला समोरच्या रस्त्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण तसं सांगणार कसं?

"आतलंही दिसतं ना यात?" त्यानं जमेल तितक्या सहजपणे विचारलं.

"दोन्हीकडं डोळे आहेत याला. बाहेरचा रस्ता, आतल्या सीटा. वर आवाजही घेतो."

"मग बाजूची सीट नीट आली पाहिजे. आणि चालवणाऱ्याला तो दिसायला नको."

फिटरनं मान तिरकी केली. "चालवणारे म्हणजे तुम्हीच ना?"

"गाडी एक, चालवणारे दोन," तो पुटपुटला.

नवराबायकोनं गाडी एक दिवसाआड वाटून घेतली होती. तो एका लॅबचा मॅनेजर. बायको फिजिओथेरपिस्ट, घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले गुडघे सरळ करणारी. महिन्यापूर्वी तिच्या दिवसानंतर त्यानं गाडीचं दार उघडलं, तर बाजूची सीट पार मागे गेलेली. ती सीट कुठल्या खाचेवर असते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गाडीतून उतरण्याआधी ती मूळ जागी आणून ठेवायची त्याची सवयच होती. शिवाय आत एक झोंबरा, थंड वास. दाढी केल्यावर पुरुष गालाला काहीतरी चोपडतात, तसला. आणि पायाखालच्या मॅटवर लाल चकचकीत कागदाची बोटभर पट्टी. भेटवस्तूच्या वेष्टनाची असते तसली.

"सीट कुणी मागे केली?" त्यानं रात्री जेवताना विचारलं होतं.

"मशीनची पेटी मावत नव्हती," ती म्हणाली आणि पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

पेटी! पेटी काय दाढी करते?

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात भुंगा लागला तो लागलाच. संशय जाऊन बसला हाडांच्या डॉक्टरवर. उंच, लांब तंगड्यांचा, बायकोच्या हाताला गुण आहे म्हणून चारचौघांत सांगत सुटणारा. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये मुद्दाम त्याच्याशेजारी उभं राहून यानं नाक ओढून वास घेतला होता.

"सर्दी झालीय का हो?" डॉक्टरनं काळजीनं विचारलं होतं.

बायकोही बदलली होती. पूर्वी याला जरा उशीर झाला की फोनवर फोन. कुठं आहात, कुणाबरोबर आहात, किती वेळ. आता एक नाही. जिचं विचारणं संपलं तिचं मन दुसरीकडे गुंतलंय, हे कळायला त्याला ज्योतिषी नको होता.

काल त्यानं विषय काढलाच. "गाडीत कॅमेरा बसवून घेतो म्हणतो. अपघातबिपघात झाला तर पुरावा राहतो."

ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तिनं पुरती नीट केली.

"बसवा की. पण अहो, जागा बघून बसवा. सगळं जागेवरच अवलंबून असतं."

किती बेरकी! त्यानं दात आवळले होते.

आज कॅमेऱ्याच्या दुकानाकडे येताना त्यानं लॅबमधल्या नव्या रिसेप्शनिस्टला घरी सोडलं. ती वाटेवरच राहायची. म्हणजे वाट जरा वाकडी केली की तिचं घर लागायचं. सिग्नलला त्याचा हात गिअरवरून तिच्या हातावर गेला आणि मागचे हॉर्न वाजेपर्यंत तिथंच राहिला. ते वेगळं. त्यात कुणी मनाला लावून घ्यावं असं काही नव्हतं. ती उतरल्यावर त्यानं सीट पुन्हा खाचेवर आणली, एक लांब केस उचलून खिडकीबाहेर सोडला. साऱ्या वाटेत डोक्यात बायकोच होती.

"डॅशबोर्डवर बसवला तर?" त्यानं फिटरला विचारलं.

"एअरबॅग फुटली की थेट तुमच्या तोंडात."

"डावा कोपरा?"

"तिथं तर आंधळ्यालाही दिसेल." फिटर हसला. "आरशामागं घ्या. चालवणारा आरशात बघतो, आरशामागं कोण बघतंय? आतला डोळा तेवढा खालून डोकावतो. वर्ष गेलं तरी पत्ता लागायचा नाही."

"तिथंच बसवा."

"चावी फिरवून ठेवा, करंट बघायचाय." फिटर बाजूच्या दारानं आत शिरला. एका झटक्यात त्यानं सीट पार मागे लोटली आणि पाय ऐसपैस पसरले. मग काच पुसायला फडक्यावर स्पिरिट ओतलं.

झोंबरा, थंड वास.

त्यानं नाक ओढून पुन्हा वास घेतला. नजर दुकानाच्या दारातल्या स्टुलाकडे गेली. स्टुलाखाली चिकटपट्ट्यांवरून सोललेल्या लाल चकचकीत पट्ट्यांचा ढीग पडला होता. त्यानं फिटरच्या लांब तंगड्या पाहिल्या. गुळगुळीत हनुवटी पाहिली. म्हणजे डॉक्टर नव्हेच. हा! हा काचपुश्या!

"माझ्या बायकोला ओळखता तुम्ही?" त्याचा आवाज चिरकला.

"मी? साहेब, मला या गावात येऊन चार दिवस नाही झाले. इथं चहावालासुद्धा ओळखत नाही मला." फिटरनं हसत हसत फडकं धरलेला हात आरशामागं घातला.

हात तिथंच थांबला. त्यानं वाकून पाहिलं. त्याच्या बोटांवर निळ्या उजेडाचा एक ठिपका पडला होता.

"चेष्टा करता का गरिबाची? इथं आधीच एक आहे की! तुम्हाला हवा तसाच, बाजूच्या सीटवर डोळा धरून. आणि चालू आहे."