डायानाचं नाक

"हे नाक माझं नाही."

ओडिलिया एवढंच म्हणाली आणि मास्टर लुबर्टचा कुंचला जागच्या जागी थांबला.

कॅनव्हासवरची शिकारीची देवी डायाना दृष्ट लागण्यासारखी उतरली होती. कपाळावर चंद्रकोर, खांद्याला बाणांचा भाता, पायाशी शिकारी कुत्रा. नाक तर अगदी चाफेकळी! खरी ओडिलिया समोर खुर्चीत बसली होती. दिवस भरत आलेले, आणि नाक असं, की दारातून आधी ते आत यायचं आणि मागून ती.

"अगं, देवी आहे ती!" सासूबाई म्हणाल्या. "दिवस भरलेली कुमारिका देवी कुणी बघितलीय का? त्यांनी पोट झाकलं, तसं नाकही सांभाळून घेतलं. उपकार मान, सूनबाई. उट्रेख्तमधल्या थोरामोठ्यांच्या सगळ्या बायका यांच्याच हातून देवी झाल्यात."

"तेच तर दुखणं आहे!" ओडिलियाचा आवाज चढला.

तिची आई तिला जन्म देतानाच गेली होती. वडील त्याच साली लढाईत पडले. परक्यांच्या घरी वाढलेल्या पोरीजवळ आईचं म्हणून एक चित्र तेवढं होतं, डायानाच्या वेशातलं. ती त्या चित्राशी बोलायची, त्याच्यापुढे रडायची. मग एका मैत्रिणीच्या लग्नाला गेली, तर तिथल्या भिंतीवर तोच चेहरा. तेच डोळे, तेच ओठ, तेच नाक. खाली नाव मात्र भलत्याच बाईचं. चित्रकार हाच, मास्टर लुबर्ट. त्या दिवशी ओडिलियाची आई दुसऱ्यांदा गेली.

"बाळंतपणातून कोण उठेल, कोण नाही, कुणी सांगावं?" ती म्हणाली. "मी गेले तर माझ्या लेकराने कुणाच्या तरी गोंडस नाकाला आई म्हणायचं? ते चालायचं नाही. आहे तसं काढा. मला नाही लाज वाटत त्याची."

खरं तर वाटायची. चारचौघांत ती कधी कुणाला बाजूने चेहरा दिसू द्यायची नाही.

म्हातारा मास्टर तापला. उभी हयात त्याने देव्या रंगवण्यात घालवली होती, आणि कालची पोर त्याला अक्कल शिकवत होती.

"मला सांगू नका, बाईसाहेब! तुमच्या आईसाहेबही अशाच अडून बसल्या होत्या. हुबेहूब हेच नाक आणि हाच हट्ट! म्हणे, 'आहे तसं काढा.' मी ऐकतोय होय? अशी देवी केली त्यांची, की ओळखू येईनात!"

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

ओडिलियाचा हात आपोआप नाकाकडे गेला. शेंड्यापासून वरपर्यंत तिने ते सावकाश चाचपलं, आणि डोळ्यांत पाणी असताना तिला हसू फुटलं. मग ती खुर्चीत ताठ झाली. हनुवटी वर केली आणि खिडकीच्या उजेडात चेहरा पुरता एका बाजूला वळवला.

"आता काढा, मास्टर," ती म्हणाली. "आणि तसूभरही कमी करू नका. माझ्या लेकराच्या आजीचं हे एकच चित्र असणार आहे."